अवतरणचिन्हांची भिंत : काही चित्रपट आणि काही कादंबऱ्या

गेल्या दीड-दोन वर्षांत जे चित्रपट पाहिले व ज्या कादंबऱ्या वाचल्या, त्यांविषयी पत्रिकेसाठी काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह झाला तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. माझा अभ्यासविषय भाषाविज्ञान. साहित्यकृतीचे अथवा चित्रपटाचे मूल्यमापन हा माझा प्रांत नव्हे. भाषेचा अभ्यासक चित्रपटास गेला म्हणजे त्याचे डोळ्यांपेक्षा कानांकडेच अधिक लक्ष असते, आणि कादंबरी वाचताना कथानक पुढे निघून जाते व हा एखाद्या प्रत्ययापाशी अडून बसतो. रसिकतेच्या दृष्टीने हा दोषच होय. तथापि या दोषामुळेच एक प्रश्न माझ्या हाती लागला, आणि तो अद्याप सुटलेला नाही, म्हणून हा लेख.

प्रश्न उद्भवला तो परभणीच्या एका चित्रपटगृहात. आदिनाथ कोठारे यांचा 'पाणी' हा चित्रपट पाहावयास मी सेलूहून पदव्युत्तर वर्गातील चार-पाच विद्यार्थ्यांसह गेलो होतो. २०१८ सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक चित्रपटाचा मान या कृतीस मिळाला होता; प्रत्यक्ष चित्रपटगृहांत ती आली २०२४ च्या ऑक्टोबरात. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडी गावचे हनुमंत केंद्रे यांनी गावात पाणी आणण्यासाठी केलेल्या खटपटीची ही कथा. ज्या गावात पाणी नाही त्या गावात मुलगी कोण देणार, या साध्या अडचणीपासून ती सुरू होते, आणि माझ्या मते तेच तिचे बलस्थान आहे. दुष्काळाचे आकडे न सांगता दुष्काळ घरात कसा शिरतो ते ती दाखविते. उत्तरार्धात कार्यसिद्धीचा उत्साह थोडा अधिक झाला आहे, पण ते असो. सांगावयाचे ते निराळेच. पाण्यावाचून सोयरीक मोडते, अशा ऐन गंभीर प्रसंगी आमच्या मागच्या रांगांतून हशा उमटला. प्रसंगात हसण्यासारखे काहीही नव्हते. लोक हसले ते पात्रांच्या बोलण्याच्या धाटणीला. त्या हसणाऱ्यांत आमचे दोन विद्यार्थीही होते, आणि ते दोघेही घरी नेमके तसेच बोलतात.

स्वतःची भाषा पडद्यावरून कानी आली असता माणसाला हसू का यावे? याचे एक उत्तर सोपे आहे. मराठवाड्याचा हेल चित्रपटांत व दूरचित्रवाणीवर प्रथम लोकप्रिय झाला तो विनोदाच्या द्वारे. मकरंद अनासपुरे यांच्यासारख्या समर्थ नटाने हा हेल महाराष्ट्रभर पोहोचविला, ही सामान्य कामगिरी नव्हे. पूर्वी तो कोणी ऐकूनच घेत नव्हते. परंतु प्रेक्षकांच्या कानाला सवय अशी लागली की हा हेल सुरू झाला म्हणजे विनोद येणार. सवय एकदा जडली की ती प्रसंग पाहत नाही.

दुसरे उत्तर अधिक जुने आहे. मराठी चित्रपटाची 'ग्रामीण भाषा' म्हणून जी आपण ओळखतो ती वास्तविक कोणत्याही एका गावाची भाषा नाही. १९२९ साली 'प्रभात'ची स्थापना झाली ती कोल्हापुरात. ती संस्था १९३३ मध्ये पुण्यास गेली, तरी कोल्हापूरचा चित्रपटव्यवसाय पुढे अनेक वर्षे चालू राहिला. तमाशापटांची लाट आली तीही त्याच परिसराच्या आधाराने. त्यामुळे कोल्हापूर-साताऱ्याकडील बोलीतील काही ठळक खुणा, 'व्हय', 'न्हाय', 'आवं', 'काय बी', एवढ्या उचलून व 'ण'चा 'न' करून एक नाटकी बोली तयार झाली, आणि तीच सर्व खेड्यांची बोली म्हणून रूढ झाली. (ज्या चित्रपटाने तमाशापटांच्या लाटेला मोठाच जोर दिला त्या १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'च्या नावातले क्रियापद मात्र पांढरपेशा स्त्रियांच्या जुन्या बोलण्यातले आहे, ही गंमत सहज नोंदवून ठेवतो.) या साचेबंद बोलीत परभणी-नांदेडकडचे काहीच नव्हते.

आमच्या भागाची खूण शब्दांत शोधू जाल तर 'मपला', 'तुपला', 'कामून' असे थोडे शब्द सहज सापडतील. परंतु खरी खूण क्रियापदात आहे. इकडे 'मी जेवत आहे' असे न म्हणता 'मी जेवायलो' असे म्हणतात. 'तू काय करीत आहेस' याऐवजी 'काय करायलास'. प्रमाण मराठीत 'जेवायला' हे रूप हेतू दाखविते: जेवायला बसला, जेवायला बोलावले. त्यामुळे पुण्याच्या कानाला 'जेवायलो' हे मोडके वाक्य वाटते. काहीतरी म्हणावयाचे राहून गेले असे वाटते. वस्तुतः काहीही राहिलेले नाही. 'जेवायला लागलो' अशासारख्या संयुक्त क्रियापदाचा हा संक्षेप असावा असे मला वाटते, आणि त्यास पुरुष, लिंग, वचन यांचे सर्व विकार यथास्थित होतात. म्हणजे हे पूर्ण व नियमबद्ध रूप आहे. ज्या लेखकाने अथवा दिग्दर्शकाने चार शब्द उचलले पण क्रियापद प्रमाण भाषेचेच ठेवले, त्याने बोलीचा अंगरखा तेवढा घेतला, असे मी समजतो.

तरीदेखील केवळ रूपे अचूक असणे पुरेसे नाही, हे मला पुढे कादंबऱ्या वाचताना जाणवले.

मराठी ग्रामीण कादंबरीत एक भिंत फार दिवसांपासून उभी आहे. निवेदन प्रमाण भाषेत चालते. पात्र बोलू लागले की अवतरणचिन्ह उघडते, आत बोली येते. चिन्ह मिटले की लेखक पुन्हा आपल्या भाषेत बोलू लागतो. पात्रांनी भाकरी मागावी, भांडावे, रडावे ते आत. त्या भाकरीचा, भांडणाचा, रडण्याचा अर्थ लावावयाचा तो बाहेर. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) ही भिंत मला खटकत नाही, कारण तेथे कथा सांगणारा तरुण मास्तर बाहेरून त्या धनगरवाडीत आलेला आहे. त्याची भाषा निराळी असणे हा कथेचाच भाग आहे. परंतु पुढे असंख्य कादंबऱ्यांत असा मास्तर नाही आणि भिंत मात्र आहे. तेथे निवेदक कोण, तो कोठे उभा आहे, आणि तो त्या माणसांची भाषा का बोलत नाही, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

ही भिंत पाडण्याचा मोठा प्रयत्न आनंद यादवांनी 'गोतावळा'त (१९७१) केला. शेतावर राबणारा गडी स्वतःच्याच बोलीत सबंध कादंबरी सांगतो. जनावरे, झाडे, शेवटी येणारे यंत्र, सारे काही त्याच्याच शब्दांत. तेथे बोली विचार करते. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' ही कादंबरी मी उशिरा वाचली; २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाल्यावर. ती वाचताना मला 'गोतावळा'ची वारंवार आठवण झाली, आणि ती केवळ दोन्ही कृती कोल्हापूरच्या मातीतल्या आहेत म्हणून नव्हे. धरणामुळे उठविल्या गेलेल्या गावाचा देवाप्पा मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात पुन्हा त्या जुन्या डोंगररानात जातो. म्हैस आता रानाची झाली आहे. माणूस तिला ओळखतो. ती त्याला ओळखू पाहत नाही. एवढ्या अल्प घटनेवर उभी असलेली ही कादंबरी मला काही ठिकाणी लांबलेली वाटली, आणि निसर्गाच्या वर्णनात पुनरुक्तीही आढळली. परंतु निवेदन आणि संवाद यांमधली भिंत येथे जवळजवळ उरलेलीच नाही. विस्थापनासारखा विषय, ज्यावर आपण शासकीय अहवालांच्या व चर्चासत्रांच्या भाषेत बोलतो, तो येथे ज्याचे गाव गेले त्याच्या व्याकरणात मांडला गेला आहे. माझ्या मते हेच त्या कादंबरीचे खरे कार्य. कोल्हापूरच्या बोलीचे दोन टोकांचे उपयोग यामुळे समोरासमोर दिसतात: एक त्या साचेबंद तमाशापटांतला, आणि एक हा. बोली तीच, काम निराळे.

आता चित्रपटाकडे पुन्हा वळतो. चित्रपटात अवतरणचिन्हे नसतात. मग तेथे ही भिंत असते काय? मला वाटते, असते. पात्रे बोलीत बोलत असतात, आणि त्यांच्या बोलण्याखाली वाद्यमेळ सुरू होऊन आम्हांला सांगतो की आता कळवळावे, आता भ्यावे, आता हसावे. पार्श्वसंगीत ही बहुतेक चित्रपटांची प्रमाण भाषा असते. निवेदक तेथे लपलेला असतो. विनोदी प्रसंगापूर्वी वाजणारा तो ठरावीक तुकडा ज्याने ऐकला असेल त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

या दृष्टीने रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' मला अत्यंत महत्त्वाचा वाटला. २०२५ च्या आरंभी अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळाले, आणि त्याच वर्षी तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील वारल्यामुळे मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी मूळ गावी येतो. नातेवाइकांना त्याच्या लग्नाची घाई आहे. आनंदला पुरुषाविषयी ओढ आहे आणि ती आईला ठाऊक आहे. आणि त्याच गावात त्याचा बालमित्र बाळ्या आहे. अशा कथेत दिग्दर्शकाला आम्हांला काही समजावून सांगण्याचा मोह किती झाला असता! परंतु या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. चित्रचौकट बहुधा स्थिर असते, माणसे तिच्यात येतात, बसतात, बोलतात, गप्प राहतात. सुतकातले विधिनिषेध, पायांत काही घालू नये, हे खाऊ नये, तेथे जाऊ नये, हे नातलग ज्या सहजतेने सांगतात त्याच सहजतेने लग्नाचेही सांगतात; दोन्ही त्यांच्या लेखी नियमच. आणि जी गोष्ट सांगावयास त्या घराच्या बोलण्यात शब्दच नाही ती न बोलता चालते. साबराचे फळ काटे काढून हाती दिले जाते.

येथे मला माझ्या विषयाचा एक धडा मिळाला. आम्ही बोलीचे नमुने गोळा करतो ते उच्चारलेल्या वाक्यांचे. एखादी बोली कोठे थांबते, कोणत्या गोष्टीला तिच्यात नाव नाही आणि नाव नसूनही ती गोष्ट ते लोक कशी जगतात, याची नोंद आमच्या तक्त्यांत होत नाही. 'साबर बोंडं'ने ती केली आहे. काही प्रसंगांचा संथपणा मलाही जाणवला, आणि आमच्याबरोबर पाहणाऱ्या एका सहकाऱ्यास तर कंटाळाच आला. त्यांचे मत मी चुकीचे म्हणणार नाही. पण या चित्रपटात मला कोणी शिकविले नाही. मला ऐकू दिले.

त्यानंतर मी नागराज मंजुळे यांचे दोन जुने चित्रपट मुद्दाम पुन्हा पाहिले. 'फँड्री' (२०१३) या नावातच एक भाषावैज्ञानिक घटना आहे, आणि तिच्याकडे आमच्याच विषयाच्या लोकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. कैकाडी ही द्राविड कुळातली बोली; 'फँड्री' म्हणजे तिच्यात डुक्कर. तमिळमधील 'पन्ऱि', तेलुगूतील 'पंदि', कन्नडमधील 'हंदि' हे सारे त्याच शब्दाचे सगेसोयरे. मराठी चित्रपटाला असे नाव द्यावयाचे की जे मराठी प्रेक्षकाला कळणार नाही, आणि कळेल तेव्हा ती शिवी म्हणून कळेल. त्या घरातला साधा प्राणिवाचक शब्द गावाच्या तोंडी जातीची शिवी होतो. प्रमाण व बोली यांच्या वादात आपण बोलीभाषक म्हणजे दुर्बल असे गृहीत धरतो. 'फँड्री' सांगतो की गावची मराठी बोली स्वतःच दुसऱ्या भाषेच्या माणसाला दाबून ठेवू शकते. सेलू-परभणीच्या बोलीचा कैवार घेऊन बसलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकणे सुखाचे नव्हते. आमच्याही गावांत मराठीखेरीज दुसरी भाषा घरात बोलणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या मुलांना 'जेवायलो' हीच वरच्यांची भाषा वाटत असेल.

'सैराट' (२०१६) मधील करमाळ्याच्या बोलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी फक्त उत्तरार्धाविषयी लिहितो. आर्ची आणि परशा हैदराबादेस पळून जातात. गावात बुलेट चालविणारी, ट्रॅक्टर हाकणारी, हुकूम सोडणारी ही मुलगी तेथे एकाएकी मुकी होते, कारण तिचा सारा दरारा तिच्या भाषेत होता आणि ती भाषा तेथे कोणाला कळत नाही. तिला आधार देते तीही मराठी बोलणारी सुमनअक्का. समीक्षकांनी हैदराबादला केवळ परके शहर मानले. करमाळ्याच्या दृष्टीने ते परके असेलही. तो तालुका मुंबई इलाख्यातला. आमच्या लेखी ते तसे नाही. १९४८ पर्यंत सेलू हैदराबाद संस्थानात होते, आणि राज्यपुनर्रचना होईपर्यंत राजधानी तीच. काचीगुड्याकडे जाणारा लोहमार्ग आजही गावातून जातो. उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकलेली माणसे आमच्या आधीच्या पिढ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा आर्चीचे मुकेपण पाहताना मला वाटले की हेच आमच्या आजोबांच्या पिढीने आपल्याच राजधानीत अनुभवले असेल: कचेरीत उर्दू, घरी मराठी, आणि मधल्या पायरीवर गप्प उभे राहणे. चित्रपटाच्या अखेरीस सर्व ध्वनी काढून घेतलेला आहे. त्याविषयी मी अधिक काही लिहीत नाही.

मग आमच्या बोलीचे काय? परंपरा नाही असे नाही. सेलूच्या शेजारचे रेल्वेस्थानक सातोना. तेथे १९१३ साली बी. रघुनाथांचा जन्म झाला, आणि १९५३ साली परभणीत नोकरीत असतानाच ते गेले. कवी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, कादंबरीकार म्हणून विसरले जाते. हैदराबाद संस्थानात राहून, पुण्या-मुंबईच्या वाचकाकडे पाहत त्यांना लिहावे लागले. आज याच तालुक्यातले आसाराम लोमटे लिहीत आहेत. 'आलोक' या त्यांच्या कथासंग्रहास २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकरी चळवळीच्या संदर्भात उभी राहिलेली 'तसनस' ही त्यांची कादंबरी त्यानंतरची. लोमटे भिंत पाडीत नाहीत. निवेदन संयत व बहुधा प्रमाण भाषेच्या जवळचे, बोली मुख्यतः पात्रांच्या तोंडी. 'रिंगाण'नंतर मी त्यांच्याकडे वळलो तेव्हा या कारणाने थोडा निराश झालो होतो, हे प्रांजळपणे सांगतो. परंतु पुन्हा वाचताना ध्यानात आले की त्यांनी भिंतीतून एक दार काढले आहे. निवेदनाचे व्याकरण प्रमाण राहते, पण त्यातला तर्क गावचा असतो: कोणत्या गोष्टीला कोणती गोष्ट लागून येते, कशाची तुलना कशाशी होते, कोणती बाब महत्त्वाची म्हणून आधी सांगावयाची. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या पात्रांचे बोलणे वाचून हसू येत नाही. पडद्यावर जे हसण्यावारी गेले ते त्यांच्या पानावर गंभीरपणे ऐकले जाते. चळवळ, बाजारभाव, फसवणूक, पक्षांचे डाव यांविषयी माणसे तिच्यात वाद घालतात. बोलीने विचार केला पाहिजे असे मी वर म्हटले. तो निवेदनातूनच केला पाहिजे असे नाही, ही दुरुस्ती मला या वाचनाने करावी लागली.

दुसरी दुरुस्ती अधिक लाजिरवाणी आहे. काही वर्षांपूर्वी सेलूजवळच्या एका खेड्यातून आलेला विद्यार्थी माझ्या वर्गात होता. काय करतो आहेस, असे मी विचारले असता तो म्हणाला, "लिहायलो, सर." मी सवयीने म्हणालो, "लिहीत आहे, म्हणावे." वर्ग हसला. त्या दिवशी मी शिकवीत होतो तो विषय वर्णनात्मक भाषाविज्ञान, ज्याचा पहिलाच पाठ असा की कोणतेही बोलीरूप अशुद्ध नसते. त्यानंतर तो मुलगा वर्गात विचारल्याखेरीज बोलला नाही. परभणीच्या चित्रपटगृहातला हशा मी ऐकला तेव्हा मला प्रथम आठवला तो हा हशा, आणि तो कोणत्याही नटाने शिकविलेला नव्हता.

यंदा 'साबर बोंडं'वर वर्गात चर्चा ठेवली तेव्हा मी मुद्दाम 'जेवायलो'चा प्रश्न काढला. प्रमाण रूप आणि हे रूप यांच्या अर्थांत काही भेद आहे काय, असे विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागे बसणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, 'जेवत आहे' म्हटलं की दुसऱ्या कुणाचं तरी सांगायलो असं वाटतं. 'जेवायलो' म्हटलं की ताट समोर असतं." पुन्हा वर्ग हसला, पण या वेळी तिच्यासह. मी तिचे वाक्य टिपून घेऊ लागलो आणि पहिल्याच ठिकाणी अडलो. 'सांगायलो' की 'सांगायलोय'? ती मुलगी असून तिने 'सांगायले' म्हटले नाही, 'सांगायलो'च म्हटले. मघाशी मी लिंगाचे विकार यथास्थित होतात असे लिहून बसलो आहे. तिला पुन्हा म्हणावयास सांगितले. तिने पुन्हा म्हटले, या वेळी जरा सावधपणे, आणि ते निराळे निघाले.